चुन्याखालचं नाव

"कप्तान होता, कप्तान! डच जहाजावरचा!" असं आमची तिया उर्सुला आल्यागेल्याला सांगायची. तिया म्हणजे माझी आत्या. कप्तान म्हणजे आमच्या घराण्याचा मूळपुरुष, यान ओव्हरे. मलेशियात, आमच्या मलाक्काच्या टेकडीमागं, जुन्या दफनभूमीत त्याचं थडगं आहे.

दरवर्षी मृतांच्या सणाआधी आम्ही त्याला चुना लावतो. तियाच्या आजीनं लावला, तिच्याही आजीनं लावला. चुना नाही म्हणजे मागं रडायला कुणी नाही, असं आमच्या वस्तीत समजतात. थरावर थर चढून थडगं पार फुगलं होतं. त्यावरचं नाव माझ्या बापानंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. नाव असलेली थडगी नव्या जागेत हलवणार, बिननावाची हाडं सगळी एका खड्ड्यात.

मला कप्तानाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण तियाचा मुलगा त्याच थडग्यात आहे. सकाळी जन्मला, संध्याकाळी गेला. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून तेव्हाच्या पाद्र्यानं जागा नाकारली. मेल्याचं काळीज कशाचं होतं कोण जाणे! तेव्हा तियाच्या नवऱ्यानं गुपचूप कप्तानाच्या पायाशी खणून लेकरू ठेवलं. त्याची कुठं नोंद नाही. कप्तानाची पेटी हलली तरच तोही हलणार.

घरच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मागच्या पानावर पिढ्यान् पिढ्यांचे जन्ममृत्यू लिहिलेत. ते घेऊन आम्ही नगरपालिकेच्या रोसलीसाहेबांकडं गेलो.

"आंटी, यान ओव्हरे या भूमीत पुरला, एवढंच आहे यात," ते म्हणाले. "पण कुठल्या थडग्यात? दगडावर नाव दाखवा, लगेच सही करतो."

"दाखवते की! चुन्याखाली आहे माझा कप्तान," तिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी करवंटीनं खरवडलं, सुरीनं खरवडलं. चुना कसला हलतोय! माझे हात सोलून निघाले.

"फीना, व्हिनेगर आण," तिया म्हणाली.

आमच्यात व्हिनेगरशिवाय पान हलत नाही. नाताळची देबाल करी असो, पितळी दिवा घासायचा असो, पोराच्या डोक्यातल्या उवा असोत. मी घरातली बरणीच उचलून आणली. फडकी भिजवून थडग्यावर अंथरली. चुना फसफसायला लागला तशी तिया टाळ्या पिटायला लागली. "बघ, बघ, कसा उठतोय कप्तान!"

दुपारी फडकं उचललं. एक अक्षर दिसलं, फुगीर, पिवळट. शेजारी दुसरं अर्धं. तियानं हौसेनं बोट फिरवलं आणि अक्षराची पेज होऊन तिच्या बोटाला लागली.

मी घाईघाईनं बाकीची फडकी काढली. खाली नुसत्या विटा. अक्षरं दगडात कोरलेली नव्हतीच, चुन्यातच उठवलेली होती. कप्तानांची थडगी काळ्या दगडाची असतात, तिथं पलीकडेच आहेत.

तियानं बोटावरचा चुना अंगठ्यानं चोळून बघितला. "गरीब होता गं," ती म्हणाली. "दगडसुद्धा परवडला नाही बिचाऱ्याला."

रोसलीसाहेब आले, वाकून वाकून बघितलं. मी त्यांच्यावर ओरडले, वाटेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "आंटी, कोऱ्या विटांवर मी काय लिहू?" एवढंच म्हणाले. त्यांना शिव्या देऊन काय होणार होतं? अक्षरं तर आम्हीच पुसली होती.

खणायच्या आदल्या दिवशी तिया दारात उभी. हातात चुन्याची बादली.

"तिया, उद्या फोडणार आहेत ते. आता कशाला?"

"म्हणून काय असं उघडंनागडं ठेवू? याचं कुणी नाही असं वाटेल त्यांना."

आम्ही दोघींनी चुना लावला. पायाकडच्या बाजूला तिनं मला हात लावू दिला नाही. तिथं तिनं एकदा लावला, वाळू दिला, परत लावला.

"फीना, खड्ड्यात टाकताना लहान हाडं वेगळी ओळखू येतात का गं?"

साठ वर्षांनी त्या लेकराचं काय उरलं असणार!

"येतात, तिया," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं ब्रश परत बादलीत बुडवला.