चांगलं पाणी

“नळाचं घालायचं नाही,” लेकीने तिसऱ्यांदा बजावलं. खाली गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, तिच्या खांद्यावर बॅग होती, आणि तरी ती पाण्याच्या काचपेटीसमोरून हलायचं नाव घेत नव्हती. “बाबा, ऐकताय ना? पाणी रोज थोडं उडून जातं. तेवढंच भरायचं, आणि तेही या कॅनमधलं. गाळलेलं असतं हे. कॅन संपले तर दुकानदाराला फोन करा. पण नळाचं एक भांडंसुद्धा नाही.”

“अगं कळलं. बहिरा नाही झालो अजून.”

“कळलं म्हणता आणि मग आपल्या मनाचं करता.”

“जा आता. तो खाली बोंबलतोय.”

ती गेली. एक्स-रे काढायचं काम करायची ती, आणि रुग्णालयात नवं यंत्र आलं होतं म्हणून ते शिकायला तिला तीन आठवडे परगावी पाठवलं होतं. दार लागलं आणि पाणीकाका एकटेच त्या काचेच्या पेटीसमोर उभे राहिले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या त्यांच्या. झोंबणारच! ज्या माणसाने उभी हयात शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली, गाळ बसवला, क्लोरीन घातलं, भर पुरातसुद्धा लोकांच्या नळाला स्वच्छ पाणी पोचवलं, त्याला त्याच्याच घरात पोटच्या पोरीने सांगावं की नळाचं चालणार नाही?

गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे पाणीकाकाच म्हणत आणि त्यांना ते सरकारी पदकापेक्षा गोड वाटे. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठल्या उठल्या ते नळाखाली पेला धरत, उजेडाकडे नेऊन बघत, हुंगत, घोटभर पीत आणि “आज डोस जरा जास्त पडलाय, पोरं झोपा काढतात तिकडे,” असं भिंतीला सांगत. एखादा पाहुणा पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून प्यायला, तर त्याला या घरात पुन्हा कोणी ‘बसा’ म्हणत नसे.

पेटीत फार काही नव्हतं. खारं पाणी, चार दगड, काचेला चिकटलेल्या गोगलगायी, आणि मधोमध छत्री. छत्री म्हणजे मऊ प्रवाळ. जाड, चामड्यासारखा दांडा, वर पसरलेलं डोकं आणि त्या डोक्यावर शेकडो बारीक बोटं, पाण्याच्या ओढीबरोबर डुलणारी. “झाड नाही बाबा, प्राणी आहे तो,” लेक सांगायची. पाणीकाका म्हणायचे, “असेल. पण तोंड कुठे आहे त्याला? काय बोलणार तो?”

ही छत्री लेकीने सासरहून आणली होती. तिथून निघताना तिने दागिने मागितले नाहीत, कपड्यांचं कपाट मागितलं नाही. डाव्या मनगटाला प्लॅस्टर आणि उजव्या हातात झाकणाची बादली, एवढ्यानिशी ती दारात उभी राहिली. त्या मनगटाचा एक्स-रे तिच्याच खोलीत, तिच्याच सहकारिणीने काढला होता. बादलीत छत्री होती.

त्याआधी ती दोनदा आली होती. दोन्ही वेळा पाणीकाकांनी तिला परत नेऊन सोडलं. “तो हात उचलतो, बाबा,” असं तिने स्पष्ट सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता. पण ते घर पाणीकाकांनी स्वतः पारखून काढलेलं. जाऊन आले होते, बसले होते, माणसं जोखली होती. “घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत,” ते म्हणाले, “तुलाच जमवून घेता येत नाही.” बायको तेव्हा हयात होती. ती पदर तोंडाला लावून नुसती बघत राहिली. तिचं ऐकायची तर या घरात रीतच नव्हती. तिसऱ्यांदा लेक आली ती न विचारताच आत शिरली. पेटी आणली, पाणी भरलं, दिवे लावले. झाल्या गोष्टीबद्दल बापाशी ती एक अक्षर बोलली नाही, आणि बापानेही विषय काढला नाही. मनातून मात्र त्याला ते रोज टोचे. म्हणून तर जाताना तिने पेटी त्याच्यावर सोपवली तेव्हा म्हाताऱ्याला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. पोरीने काहीतरी आपल्या हाती दिलं! हे एवढं नीट करून दाखवलं की गाडी रुळावर येईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पहिला आठवडा त्यांनी इमानदारीत कॅनमधलं पाणी घातलं. मग कॅन संपला. दुसरा जिन्याखाली होता, जड होता आणि कंबर धरली होती. समोर नळ होता. पाणीकाकांनी पेला भरला, उजेडाला धरला. काय पाणी होतं! आरशासारखं. “याला नावं ठेवते,” ते म्हणाले, “हे पिऊन वाढली, आणि याला नावं ठेवते.” आणि पेला पेटीत रिता केला.

काहीही झालं नाही. छत्री डुलत होती तशीच डुलत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळाचंच. तिसऱ्या दिवशी तर ते शीळ घालत घालत ओतत होते.

त्यानंतर छत्री मिटली. आधी कडेची बोटं आत गेली, मग मधली. डोकं गुळगुळीत झालं, दांडा वाकला, अंगावर मेणचट पापुद्रा आला. पाणीकाका खुर्ची ओढून समोर बसले. “काय झालं गं तुला? एवढं चांगलं पाणी देतोय.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “छत्री कशी आहे?”

“झक्क.”

“उघडलेली आहे?”

“आहे की. जरा मिटल्यासारखी वाटते, पण ठीक आहे.”

“कधीकधी मिटते ती, बाबा. पापुद्रा टाकते आणि उघडते परत. घाबरू नका, पण तेव्हा काही करायलाही जाऊ नका. तिला तिची तिची राहू द्या. पाणी कॅनचंच घालताय ना?”

“हो गं बाई, हो!” पाणीकाका खेकसले. खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमीच चढायचा.

काही करायला जाऊ नका म्हणे. समोर जीव मलूल पडलाय आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं? त्यांच्या लेखी निदान सरळ होतं. पापुद्रा म्हणजे शेवाळं, शेवाळं म्हणजे साचलेलं पाणी. साचलेल्या पाण्यावर उपाय एकच, ते काढून ताजं भरायचं. सकाळी त्यांनी बाही वर सारली. पेटीतलं निम्मं पाणी नळीने बादल्यांत उपसलं. नळाचं ताजं पाणी घेतलं, लेकीच्या डब्यातलं मीठ मापाने विरघळवलं, फडक्यातून दोनदा गाळलं. नोकरीतसुद्धा इतक्या निगुतीने काम केलं नसेल. पेटी कशी लख्ख दिसू लागली! ते कौतुकाने बघत बसले.

दुपारी पहिली गोगलगाय काचेवरून सुटून खाली पडली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत छत्रीच्या डोक्यावर तपकिरी चट्टा उठला आणि पाण्याला वास येऊ लागला. कुजका, ओळखीचा वास. चपला अडकवून पाणीकाका तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. “पाणी कुठलं वापरता, काका?”

“चांगलं.”

“चांगलं म्हणजे? नळाचं नाही ना?”

“छे!”

“मग बरंय. कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यांना मारतं.”

“ते मला नका शिकवू,” पाणीकाका म्हणाले. क्लोरीन कशाला घालतात हे त्यांना नाही तर कुणाला ठाऊक असणार? मारायलाच तर घालतात. पाण्यातलं बारीकसारीक, डोळ्यांना न दिसणारं जे काही जिवंत असेल ते मारायला. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं तरी काय? कळत होतं सगळं. पण आपलं पाणी कुणाच्या जिवावर उठेल हे त्यांनी कधी मनात येऊच दिलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दुसरा कॅन ओढत आणला. कंबरेत उसण भरली, तरी आणला. पेटीतलं पाणी पुन्हा उपसलं, गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून ओतलं, आणखी ओतलं. छत्री उघडली नाही. पुढचे दिवस ते तिच्यासमोरून उठले नाहीत. एका दुपारी त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “मला वाटलं, पाणी चांगलंय, तुलाच जमवून घेता येत नाही.”

हे वाक्य आपण आधी कुठे बोललोय, हे आठवायला त्यांना वेळ लागला नाही. या वयात, रिकाम्या घरात, एकट्याने लाज वाटून घेणं फार वाईट. तोंड लपवायला दुसरं माणूसही नसतं.

लेक परत आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून पेटीसमोर उभी राहिली. निम्मी छत्री काळी पडून गळून गेली होती.

“नळाचं घातलंत?”

पाणीकाकांनी मनात कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. चुकलं माझं, तुझं ऐकायला हवं होतं, तेव्हाही ऐकायला हवं होतं. सगळं तोंडपाठ होतं. पण ऐन वेळी जिभेने दगा दिला आणि जन्मभराची सवय बोलली.

“पाणी चांगलं होतं गं.”

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तरी बरं झालं असतं.

“हो,” ती म्हणाली. “ते घरही चांगलंच होतं.”

मग बॅग उतरवून तिने हात धुतले, ब्लेड आणलं. कुजलेला भाग कापून टाकला, आणि दांड्याच्या बुडाशी नखाएवढा ताजा तुकडा उरला होता तो सोडवून रबराने एका दगडाला बांधला. पाणीकाका वाडगा घेऊन पुढे झाले.

“राहू द्या, बाबा. तुम्ही हात लावू नका.”

आवाज अजिबात चढलेला नव्हता तिचा. काचेच्या बरणीत तो दगड घालून तिने बरणी आपल्या खोलीत नेली आणि दार ओढून घेतलं. मोठी पेटी उपसून पुसून गच्चीवर गेली.

तुकडा जगला म्हणे. हे पाणीकाकांना कळलं ते खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडून. त्याला बोटं फुटली, छोटी टोपी आली, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. त्यांनी पाहिलं होतं, लेकीने बोलावून दाखवलं होतं. पाणीकाकांनी “हो का?” म्हटलं आणि जिना चढून वर आले. लेक त्यांच्याशी नीट बोलायची, औषधं आणायची, ताट वाढायची. कुठे काही उणं नव्हतं. फक्त तिच्या खोलीला आता कुलूप असायचं.

पुढे तिला पुन्हा परगावी जावं लागलं. या वेळी तिने काही बजावलं नाही. “येते हं, बाबा,” एवढंच म्हणाली आणि खोलीची किल्ली जाताना खाली शिवणवाल्या बाईंकडे देऊन गेली.

संध्याकाळी बेल वाजली. बाई दारात संकोचून उभ्या होत्या, बोटात किल्ली. “बघा ना काका, घरात तुम्ही असताना मी यायचं म्हणजे… मलाच कसंतरी वाटतंय.”

“अहो, या की. तिने सांगितलंय तर बरोबरच सांगितलं असणार.”

लेकीच्या खोलीच्या बंद दारापाशी पाण्याचा नवा कॅन उभा होता. दुपारी पाणीकाका स्वतः दुकानात जाऊन तो घेऊन आले होते, एकेका पायरीवर टेकवत, कंबर धरत. बाई कुलूप काढायला वाकल्या.

“थांबा,” पाणीकाका म्हणाले. त्यांनी कॅन फिरवून झाकण बाईंच्या बाजूला केलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले.

“आधी सील बघून घ्या. फोडलेलं नाहीये. तिचा फोन आला की तेवढं सांगा तिला.”