ओले प्लग

कडाक्याच्या थंडीत जुनी गाडी कशी सुरू करावी याबद्दल ज्याला त्याला मत असतं, फक्त गाडी नसते. मेव्हणा म्हणे, बॉनेटखाली रात्रभर बल्ब पेटता ठेवा. गॅरेजवाला म्हणे, कार्ब्युरेटरच्या तोंडात स्प्रे मारा, मेलेलं इंजिनही उठून बसेल. मुलगा म्हणे, विकून टाका. घड्याळजी कुणालाच भीक घालत नसत. त्यांची रीत तीस वर्षांची: चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, मग किल्ली. दोनदा म्हणजे दोनदाच. जास्त दाबला की पेट्रोलने प्लग भिजतात आणि गाडी रुसून बसते.

गेले चार दिवस ती रुसली होती. रोज सकाळी प्लग काढून बघावेत, तर ओले.

रविवारी शेजारच्या शहरात नातीची बुद्धिबळाची स्पर्धा होती. तिला मीच नेणार, असा शब्द घड्याळजींनी देऊन ठेवला होता. मुलाने मात्र साफ सांगितलं, "बाबा, शनिवारी माझ्यासमोर एका दमात सुरू झाली तर न्या. नाहीतर मी नेईन, आणि मग त्या गाडीचं काय ते बघू."

म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय! घड्याळजींचा पिंडच संशयी. उभा जन्म लोकांची घड्याळं उघडण्यात गेला होता, आणि बंद घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण 'आम्ही हातसुद्धा लावला नाही हो' असंच म्हणायचा. मेव्हण्याचा गाडीवर डोळा होता. गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक हवं होतं. आणि मुलगा? पोटचा असला म्हणून काय झालं!

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी निळा खडू किसून त्याची पूड ॲक्सिलरेटरवर भुरभुरली. शेडला कुलूप लावलं आणि किल्ली रोजच्यासारखी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.

शनिवारी सकाळी घराच्या काचांवर दव गोठलं होतं. ॲक्सिलरेटरवरची पूड पुसलेली होती आणि प्लग ओले. मुलगा आणि मेव्हणा तमाशा बघायला हजर होतेच. इंजिनने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

"जरा पाय वर करा बघू," घड्याळजी मेव्हण्याला म्हणाले.

"का? नाल ठोकताय?"

मेव्हण्याच्या बुटाचा तळवा स्वच्छ निघाला. मुलाचाही. "उद्या सात वाजता मीच नेतो तिला," म्हणून मुलगा निघाला, त्याच्यामागोमाग मेव्हणाही. घड्याळजी चडफडत मागच्या दाराशी आले. उंबऱ्यापाशी बायकोच्या चपला होत्या. त्यांनी उजवी उचलून उलटी केली. पुढचा भाग निळा होता.

बायको कचऱ्याची बादली घेऊन दारात उभी होती.

"तू?"

"मीच. पहाटे कचरा टाकायला जाते तेव्हा. चांगला वीस वेळा दाबते."

"तुला कुणी शिकवलं हे?"

"तीस वर्षं शेजारी बसलेय. 'दोनदाच गं, दोनदाच' ऐकून कान किटलेत माझे." तिने बादली या हातातून त्या हातात घेतली. "गेल्या आठवड्यात चौकात सिग्नल लाल होता. तुम्ही सरळ गेलात. त्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज आपण आहोत. उद्या मागे पोर बसणार होती. डोळे तपासा म्हटलं की अंगावर येता. मुलाला सांगावं तर तो गाडी त्याच दिवशी विकेल, आणि तुम्ही अंथरूण धराल. मग मी करायचं काय?"

घड्याळजी आधी भयंकर चिडले, पण राग टिकेना. त्या चौकातलं तिच्या लक्षातच आलं नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. इतके दिवस साऱ्या जगावर संशय घेतला, तो मनाला दुसरा चाळा हवा म्हणूनच. त्यांना भीती वाटत होती, फार भीती वाटत होती.

ते उंबऱ्यावर बसले. चपला त्यांनी जोडीने नीट लावून ठेवल्या.

"डोळे ठीक आहेत माझे," ते म्हणाले. "सिग्नल दिसला होता. लालच होता."

"मग थांबला का नाहीत?"

"लाल दिसल्यावर काय करायचं असतं, तेच आठवेना."

बायकोला हातातली बादली खाली ठेवायचंही सुचलं नाही.