कल्याणीचा डबा

रविवारी विहारात मुलं पंचशील म्हणत होती आणि सात वर्षांची कल्याणी चौथ्या शीलाला गप्प राहिली. पाचवं मात्र खणखणीत म्हणाली. मागच्या रविवारीही ती तिथेच थांबली होती. तिची आई निकिता अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. एकाच जागी दोनदा आलेली चूक तिला नुसती चूक वाटत नसे.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "चौथं येत नाही का गं?"

"येतं."

"मग?"

"खोटं बोलणार नाही असं म्हटलं की पाळावं लागतं. आणि बाबांनी सांगितलंय, डब्याचं आईला सांगू नको."

स्वारगेटचा सिग्नल सुटेपर्यंत सगळं बाहेर आलं. निकिताची शिफ्ट सकाळी सातची, म्हणून डबा प्रज्ञेश करायचा. आज भेंडी, आज अंडं, असं फोनवर सांगायचा. प्रत्यक्षात दिवाळीच्या सुट्टीपासून डब्यात रोज सॉसेज, नाहीतर सलामी. संध्याकाळी डबा तो स्वतः घासून पालथा घालायचा, आणि निकिता मैत्रिणींत नवऱ्याचं कौतुक करायची.

असलं काही घरात आणायचं नाही, हा नियम प्रज्ञेशचाच. त्याचे वडील पोपटराव आतड्याच्या कर्करोगाने गेले, तेव्हा त्याने तिला खोदून खोदून विचारलं होतं. त्यांना तो कशाने झाला हे कुणालाच सांगता येणार नाही, ती म्हणाली होती. पण असं टिकवलेलं मांस रोज खाल्लं की धोका वाढतो, एवढं सिद्ध झालंय. "आपल्या पोरीला नाही द्यायचं," तो म्हणाला होता, आणि रडला होता.

घरी आल्यावर तिने फ्रीझरमधलं, मटारच्या पिशवीखालचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. प्रज्ञेश त्याच्याकडे बघत राहिला.

"भाजी तशीच परत आणायची ती. उपाशी राहण्यापेक्षा बरं."

"उपाशी राहते, हे मला कधी सांगितलंस?"

"तू त्या मांस टिकवायच्या नायट्राइटवर व्याख्यान दिलं असतंस."

"दिलं असतं, दहा मिनिटांचं. ते चुकवायला पोरीला चार महिने खोटं बोलायला लावलंस."

"एका सॉसेजने काही होत नाही, निकिता."

"एकाने नाहीच होत. रोजच्याने होतं. तुला माहीत होतं."

त्याने पाकीट उचलून कचऱ्यात टाकलं. मग म्हणाला, "तिला सांग, यापुढे आईपासून काही लपवायचं नाही."

"तूच सांग. तुझं ऐकते ती."

सोमवारी निकिताने उशिराची शिफ्ट मागून घेतली. प्रज्ञेशने बटाट्याचे पराठे केले आणि कुणी न विचारता उघडा डबा तिच्यापुढे धरला. तिने वरचा पराठा मोडून आत पाहिलं. बटाटाच होता.

दप्तर पाठीला लावून कल्याणी दारातून बघत होती. निकिताने दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. ते जुळेनात. तिने तसंच झाकण लावलं.