नाव घातलेला डबा

मित्रांनो, थीम पार्कच्या गेटातून आत शिराल तेव्हा झुल्यांकडे धावायची घाई करू नका. उजव्या हाताला बॅगा तपासायचं टेबल आहे, त्याच्याखाली जरा वाकून पाहा. पोचे आलेला, कडीचा, मोठा स्टीलचा डबा दिसेल. त्यात लॉकरच्या किल्ल्या खुळखुळत असतात. तो म्हातारा डबा म्हणजे मी.

तुम्ही इथं पहिल्यांदाच आला असाल, तर मी तुम्हाला चार गोष्टी सांगणार आहे. या गेटाची मला जितकी ओळख आहे तितकी कोणाला नाही. पण आधी माझी कहाणी ऐकावी लागेल. फुकटचा सल्ला कोणी ऐकत नाही म्हणतात. माझा सल्ला फुकटचा नाही, मला तो फार महाग पडला आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते आर्वीचं भांड्यांचं दुकान. वच्छलाबाई नावाची एक बाई आपल्या भावाच्या मुलाच्या बारशासाठी भांडं घ्यायला आली होती. तिनं मला उचललं, बोटानं ठणठण वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "हाच द्या. पन नाव चांगलं टाकजा बरं." दुकानदारानं मशीनची सुई माझ्या पोटावर टेकवली. गुदगुल्या झाल्या, थोडं दुखलंही. मग माझ्या अंगावर अक्षरं उमटली: 'चि. ऋतिक यास बारशानिमित्त, आत्या वच्छला.'

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते उगाच नाही, मित्रांनो. लग्नाकार्यात, पंगतीत भांडी इकडची तिकडं होतात. नाव असलेलं भांडं फिरून आपल्या घरी येतं. नाव असलेलं भांडं हरवत नाही, असं दुकानदारही म्हणाला होता. मी त्याच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास ठेवला. भोळा होतो, दुसरं काय!

ऋतिकचे वडील चंद्रभान शेती करायचे. आई मनकर्णाबाई. त्या घरची एक रीत होती. गाव सोडून कुठंही जायचं असलं, की आधी डबा निघायचा आणि मग माणसं. कोणाच्या लग्नाला असो, दवाखान्यात असो, की नुसतं वर्ध्याला कापड घ्यायला असो. दाराला कुलूप लावण्याआधी चंद्रभानजी हमखास विचारायचे, "डबा घेतला का वं?" आणि मनकर्णाबाई पिशवी वर करून दाखवायच्या. मग कुलूप लागायचं. त्या एका प्रश्नानं माझी छाती फुगायची.

माझे खरे सुखाचे दिवस आले ते ऋतिक वर्ध्याच्या कॉलेजात गेल्यावर. मेसचं जेवण त्याला सोसेना. मग मनकर्णाबाई पहाटे उठून भाजी-पोळी करायच्या, मला कापडी पिशवीत घालून आर्वीच्या एसटी डेपोत आणायच्या आणि वर्ध्याच्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी द्यायच्या. मी ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर बसून ऐटीत जायचो. तिथं इतकी ऊब असायची, की वर्धा येईपर्यंत भाजी गरम राहायची. स्टँडवर ऋतिक उभाच असायचा. गाडी थांबायच्या आत खिडकीशी येऊन ओरडायचा, "काका, माझा डबा आला का?"

'माझा' म्हणायचा. ऐकलंत ना? माझा.

एकदा गंमत झाली. ड्रायव्हर नवा होता. मला उतरवून द्यायचं विसरला आणि दुसऱ्या फेरीत मला घेऊन थेट हिंगणघाटला गेला. मी तर रडकुंडीला आलो. पण ऋतिक मागची गाडी पकडून तिथं हजर झाला. घामानं निथळत होता. ड्रायव्हर हसला, "अबे, एका डब्यासाठी इतक्या दूर आला तू?" तर पोरगा म्हणाला, "माझं नाव हाये त्याच्यावर, काका." आणि तिथंच स्टँडच्या बाकावर बसून, त्यानं गार झालेली वांग्याची भाजी बोटं चाटत खाल्ली. त्या दिवशी मला वाटलं, आता कशाची भीती नाही. हा मला कुठूनही शोधून काढील.

पुढं ऋतिकला पुण्याला नोकरी लागली. मी माळ्यावर गेलो. माझ्यात खारवड्या भरल्या, मग त्याही संपल्या. नुसता रिकामा पडून राहिलो. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. गरज सरो, वैद्य मरो ही जगाची चालच आहे. शिवाय पोराला बरे दिवस आले होते. त्याचं लग्न झालं, नागपूरची मोहिनी सून म्हणून घरात आली. चांगली हसरी मुलगी आहे. तिच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही.

डिसेंबरात ऋतिक आणि मोहिनी सुटीवर आर्वीला आले आणि ठरलं, सगळ्यांनी मिळून नागपूर रस्त्यावरच्या नव्या थीम पार्कला जायचं. मोहिनीचा भाऊ धीरज नागपुराहून परस्पर तिथं येणार होता. मनकर्णाबाईंनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी मला माळ्यावरून काढलं, घासून लख्ख केलं. पहाटेपासून चूल पेटलेली. तिखट पुऱ्या झाल्या, ठेचा झाला आणि ऋतिकच्या आवडीची सांबारवडी झाली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचं सारण भरलेली ही खुसखुशीत वडी. पोरगा लहान असताना तिच्यासाठी भिंतीला पाठ लावून रडायचा.

"डबा घेतला का वं?" चंद्रभानजींनी विचारलं.

"घेतला म्हनजे! त्याच्याबिगर जाईन का मी?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

ऋतिक गाडीत गाणी लावत होता. त्यानं तिकिटं मोबाइलवर काढली होती, तेव्हा नियमांचं पानही त्याच्यासमोर आलं असेलच. पण त्यानं ते आईला सांगितलं नाही. मला मांडीवर घेऊन त्या माउली मागच्या सीटवर बसल्या आणि सगळ्या वाटेनं माझ्या झाकणावर हात ठेवून होत्या.

गेटवर ही गर्दी! बाया एका रांगेत, पुरुष दुसऱ्या रांगेत. सगळ्या बॅगा एका टेबलावर ठेवायच्या होत्या. मनकर्णाबाईंनी माझी पिशवी तिथं ठेवली आणि त्या मोहिनीबरोबर बायांच्या रांगेत गेल्या. आमच्या पुढं एक मोठं कुटुंब होतं. त्यांच्या पिशवीतून पोळ्यांची चवड निघाली. गेटवरच्या प्रफुलदादांनी त्यांना समजावलं, की आत घरचं जेवण नेता येत नाही.

ते पाहून, गेटवर आम्हाला येऊन मिळालेला धीरज हसला. "काय यार जिजाजी, लोक पन ना! यात्रेले आल्यासारखी शिदोरी घेऊन येतात."

ऋतिकही हसला. मी पिशवीच्या तोंडातून पाहत होतो. ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही.

मग प्रफुलदादांनी माझी पिशवी उचलली. "हे कोनाचं हाये?"

ऋतिकनं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्यानं मला ओळखलं. हिंगणघाटला ज्या डोळ्यांनी ओळखलं होतं, त्याच डोळ्यांनी ओळखलं. आणि तो म्हणाला, "मालूम नाई. आमचं नाई."

चंद्रभानजी रांगेत मागं होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. पण मनकर्णाबाई तेवढ्यात बायांच्या रांगेतून पलीकडे निघाल्या होत्या. त्यांनी ऐकलं. बोलायला तोंड उघडलं, मग लेकाकडे पाहिलं, धीरजकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. सगळे आत गेले. मी टेबलाखाली गेलो.

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. ज्याला मी वर्षानुवर्षं खाऊ घातलं, त्यानं भरल्या गेटात कानांवर हात ठेवले! आणि कशासाठी? एका हसण्याला भिऊन. ऐका, या गोष्टीतला सगळ्यात कडू घास तर पुढंच आहे. प्रफुलदादांच्या दुसऱ्या हातात बिल्ला होता. 'आमचा आहे' म्हणणाऱ्याला ते बिल्ला देतात, डबा कपाटात ठेवतात. वाटलं तर पार्किंगमध्ये झाडाखाली बसून जेवून घ्या, मग आत जा, असंही सांगतात. पुढच्या त्या कुटुंबानं तसंच केलं. नुसतं 'आमचा' म्हणायचं होतं, बस्स!

दिवसभर मी तिथं पडून होतो. वरून झुल्यावरच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. पोटात सांबारवडी नरम पडत होती. मन रमवायला म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहू लागलो आणि तिथंच शिकलो. उन्हं चढल्यावर येणारे अर्धा दिवस रांगेतच घालवतात, म्हणून गेट उघडायच्या वेळी या आणि मोठे झुले आधी उरकून घ्या. नवे कोरे बूट घालून येणारे दुपारी लंगडतात. झुल्यापाशी उंची मोजतात, तेव्हा धाकट्या भावाला घरूनच सांगून ठेवा, नाहीतर तो तिथं गडाबडा लोळतो. भरल्या पोटी गरगर फिरणाऱ्या झुल्यात बसू नका, त्याचं कारण मी सांगत नाही, सफाईवाल्या शकुंतलाबाई सांगतील. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा. आणि म्हातारी माणसं सोबत असली, तर त्यांना बसायला सावली कुठं आहे ते पहिल्यांदा विचारा. त्यांना 'इथंच थांबा' सांगून पसार होणारे मी फार पाहिले.

हे सगळं शिकताना माझं अर्धं लक्ष आतल्या वाटेकडेच होतं. खोटं कशाला बोलू, मला आस होती. जाताना नेईल. गर्दीत लाजला असेल, जाताना कोणी नसेल तेव्हा हळूच उचलेल. हिंगणघाटपर्यंत आला होता तो.

संध्याकाळ झाली. प्रफुलदादांनी मला पिशवीतून बाहेर काढलं आणि अंगावरचं नाव वाचलं. बिचाऱ्यांना वाटलं, एखाद्या लहान मुलाचा डबा राहिला. त्यांनी आत निरोप दिला आणि सगळ्या पार्कभर भोंग्यातून आवाज घुमला, "ऋतिक नावाच्या लहान मुलाचा डबा गेटवर आहे. त्याच्या आईवडिलांनी तो घेऊन जावा."

मी नुसता आनंदलो! माझं नाव, त्याचं नाव, सगळ्यांनी ऐकलं. नाव असलेलं भांडं हरवत नाही!

थोड्या वेळानं ते सगळे बाहेर पडायला आले. धीरज ऋतिकच्या पाठीवर थाप मारत होता, "जिजाजी, तुमचा डबा राह्यला ना!" ऋतिक मोबाइलमध्ये पाहत चालला होता. मोहिनी थबकली, तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रभानजी म्हणाले, "अरे, आपला डबा तं..." आणि मनकर्णाबाईंनी त्यांचा हात दाबला.

ऋतिक माझ्यासमोरून गेला. मान वर केली नाही. गेटाबाहेर गेला आणि गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

मनकर्णाबाई मात्र थांबल्या. प्रफुलदादांनी विचारलं, "मावशी, तुमचा हाये का?"

त्यांनी माझ्यावर हात ठेवला. पहाटे पुऱ्या तळताना एक बोट भाजलं होतं, ते बोट माझ्यावरच्या नावावरून फिरलं. आता त्या 'हाव, माझाच' म्हणणार, असं मला वाटलं. मी तर मनानं गाडीत जाऊन बसलोसुद्धा होतो.

"नाई बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमचा नाई."

लेकाचं खोटं उघडं पडू नये, म्हणून त्या माउलीनंही मला टाकलं. पोराच्या बोलण्यानं मी दुखावलो होतो, या बोलण्यानं पार मोडलो. त्या चार पावलं गेल्या, थांबल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "पन वाया नोको जाऊ देजा, दादा. सांबारवडी हाये त्याच्यात. उद्यालोक टिकत नाई ते."

प्रफुलदादा त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझी कडी तोवर कोणी उघडलेलीच नव्हती.

सांबारवडी त्यांनी गेटवरच्या माणसांत वाटली, मग मला घासून कपाटात ठेवलं, महिनाभर वाट पाहिली. मग माझ्यात किल्ल्या आल्या.

मित्रांनो, सहलीला नेण्याच्या सामानाची यादी तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, की निघण्याआधी नियम वाचा आणि ते घरच्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, विशेषतः स्वयंपाकघरात जी असेल तिला. डबा चालत नसेल तर तिला आदल्या रात्री सांगा, तिचा राग सहन करा. आणि तरीही तिनं डबा आणलाच, टेबलावर कोणी तो उचलून 'हे कोणाचं?' असं विचारलं, तर सोबतचे कितीही हसोत, 'आमचं' म्हणा.

किल्ली घ्यायला आलेली मुलं कधीकधी माझ्यावरचं नाव वाचतात आणि विचारतात, "काका, हा ऋतिक कोन?"

प्रफुलदादा किल्ली काढून देतात आणि म्हणतात, "होता एक लहान पोट्टा."