थेया तिसऱ्या नंबरवर पिते

शनिवारी, नऊ मार्चला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझी अकरा महिन्यांची भाची थेया आयुष्यात पहिल्यांदा आईच्या दुधाशिवाय दुसरं काहीतरी प्यायली. दोन घोट. साधं नळाचं पाणी.

ही घटना घडलेली नाही. हॉल्व्हर कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावर दगडी गोटे घसरवणाऱ्या आमच्या मंडळाच्या, नियम क्रमांक चौदाप्रमाणे ती घडूच शकत नाही, आणि मी, थेयाचा बाप मिच आणि आमचे कर्णधार एल्डन हाउगन अशा तिघांनी तसं एकमेकांना वचन दिलेलं आहे. तेव्हा वरचा परिच्छेद वाचला असेल तर विसरून जा. आपण रविवारपासून सुरुवात करू.

रविवारी सकाळी माझी बहीण कर्स्टिन स्वयंपाकघरात युनिफॉर्मला इस्त्री करत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. हॉल्व्हर गावाला एक रुग्णवाहिका आहे आणि त्या रुग्णवाहिकेत दोन माणसं लागतात. त्यातलं एक माणूस म्हणजे कर्स्टिन. तिची रजा संपली होती. सोमवारी सकाळी सातला बारा तासांची पाळी होती आणि त्या बारा तासांत थेयाला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण हिवाळ्यात मला दुसरं काम नसतं.

थेया खाण्याच्या बाबतीत उदार आहे. ओटची लापशी, केशरी रताळं, मासा, एकदा विजेच्या बिलाचा कोपरा. पिण्याचं मात्र तिचं एकच ठिकाण. बाटली तिने चौथ्या महिन्यात नाकारली. मग पेले आले. कानवाला पेला, नळीचा पेला, हत्तीच्या तोंडाचा पेला, उलटा केला तरी न सांडणारा पेला. तो न सांडणारा पेला तिने खिडकीवर फेकला आणि खरंच एक थेंब सांडला नाही. ती रडत नसे. पेला जवळ आला की एकदा तुमच्याकडे बघायची, एकदा पेल्याकडे, आणि मग दुकानात विक्रेता मागे लागला की माणसं जशी दुसऱ्याच मांडणीकडे वळतात तशी मान वळवायची.

"बारा तास ही पोर कोरडी राहणार असेल तर मी जाणार नाही," कर्स्टिन म्हणाली. "आणि उद्या गेले नाही तर जागा दुसऱ्याला देणार आहेत. त्यांनी नाव पण सांगितलंय."

"ती पिईल," मी म्हणालो.

"कशावरून?"

"अंदाज."

तिने इस्त्री उभी ठेवली. अपघात झालेल्या माणसाला 'तुमचं नाव काय' विचारतात ना, त्या आवाजात तिने विचारलं, "रीस, काल काय झालं?"

"काही नाही."

"काय काय नाही झालं, ते सांग."

मग मी तिला जे घडलं नव्हतं ते सविस्तर सांगितलं.

स्पर्धेत आमचा संघ शेवटचा आला. शेवटच्या संघाने अंतिम सामन्याआधी स्कोगलंड चषक घासून चकचकीत करायचा अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि तो घासायची आम्हाला इतकी सवय झालीय की आम्ही स्वतःची फडकी आणतो. आम्ही टेबलाशी बसलो होतो. संघ बर्फावर ज्या क्रमाने गोटे टाकतो त्याच क्रमाने खाली टेबलाला बसतो, हेही कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी मोडत नाही. पहिला मी. दुसरा मिच. तिसरा बॉइड, पण त्याची गाय अडली होती म्हणून तो घरी पळाला होता, आणि कर्स्टिन आत सूप वाढत होती म्हणून बॉइडच्या खुर्चीत चार गाद्या रचून थेया बसली होती. चौथे एल्डन. एल्डन त्रेचाळीस वर्षं ही स्पर्धा खेळतायत आणि एकदाही जिंकलेले नाहीत. त्यांनी घासलेल्या चषकात वाकून स्वतःचं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "एकदा कळायला हवं होतं, यातून पिताना कसं वाटतं."

मी नळाखाली चषक भरून आणला. मी प्यायलो. मिच प्यायला. मिचने सवयीने तो डावीकडे सरकवला. थेयाने चषकाचे दोन्ही कान धरले आणि दोन घोट घेतले. मग एल्डन प्यायले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

नियम चौदा असा आहे, की चषकातून फक्त विजेते चौघे पिऊ शकतात. इतर कुणी प्यायल्यास आजन्म बंदी. तो एकदाच लागू झालाय, १९७४ साली, एका पाद्रीबाबांना.

"आणि हे तू मला आज सांगतोयस?" कर्स्टिन म्हणाली.

"घडलंच नाही, तर सांगायचं काय?"

तिने मिचला फोन लावला. तो पहाटेच आठवड्याच्या पाळीसाठी खाणीवर गेला होता.

"मिच, पोरगी पाणी प्यायली?"

"मला कुठल्याही चषकाबद्दल काहीही माहीत नाही."

"मी चषक म्हटलंच नाही."

तिकडून फक्त कुठल्यातरी यंत्राची घरघर ऐकू आली. "दोन घोट," मिच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता प्रश्न एवढाच होता, की का. चषक तर क्लबच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद. तो मिळाला असता तरी कर्स्टिनने दिला नसता. साठ वर्षं त्यात काय काय ओतलंय आणि कशाने डागडुजी केलीय ते तिला माहीत नव्हतं. म्हणजे चषकाशिवाय चषकातलं जे काही थेयाला आवडलं होतं ते शोधून काढायला हवं होतं. कर्स्टिन एका पाकिटाच्या मागे लिहायला बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणाली.

चकाकी असेल म्हणून स्टीलचा वाडगा दिला. थेयाने तो डोक्यावर घातला आणि आतून काहीतरी बोलली. वजन असेल म्हणून सूपचं दोन कानांचं मोठं भांडं आणलं. ती त्यात हात धुवायला लागली. थंडी असेल, कारण क्लबमध्ये गारठा असतो, म्हणून मी तिला गुंडाळून उणे एकोणीस तापमानात मागच्या ओसरीत उभा राहिलो, हातात कोमट दुधाचा पेला. थेयाला ओसरी फार आवडली. शेजारच्या कुत्र्याला दूध आवडलं. मग क्लबचा आवाज हवा म्हणून, खेळात गोट्यापुढे बर्फ झाडताना ओरडतात तसं, मी घरभर झाडू मारत 'जोरात, जोरात' असं ओरडत फिरलो. त्याने फक्त फरशी स्वच्छ झाली. कर्स्टिनने पाकिटावर ते फायद्यात लिहिलं.

अडीच वाजता मी एल्डनना बोलावलं. साक्षीदार म्हणून.

"मी कशाचा साक्षीदार नाही," ते दारातच म्हणाले.

"माहीत आहे, काका. तरी या."

ते आले आणि टोपी मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या डाव्या हाताला थेयाची उंच खुर्ची, तिच्या पलीकडे मी, आणि मधोमध निळ्या प्लास्टिकच्या साध्या पेल्यात गाईचं दूध. ते थेयाने सकाळपासून सात वेळा नाकारलं होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि व्हर्नाबाई स्कोगलंड आत आल्या.

व्हर्नाबाई क्लबच्या सचिव आहेत आणि चषकावर ज्यांचं नाव आहे त्यांची सून. त्यांनी बूट काढले, पर्स उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागदी रुमाल टेबलावर ठेवला. त्यावर केशरी डाग होता.

"चषकाच्या काठाला लागलेलं," त्या म्हणाल्या. "रताळं आहे."

"विजेत्यांपैकी कुणी खाल्लं असेल," मी म्हणालो.

"मी चौघांना फोन केला. चौघेही भाज्यांच्या विरोधात आहेत." त्यांची नजर टेबलावरून फिरली. "या पेल्यात काय आहे?"

"दूध."

"रविवारी दुपारी एल्डन हाउगन दूध पितोय?"

त्या एल्डनच्या उजवीकडच्या खुर्चीत बसल्या, पेला उचलून त्यांनी वास घेतला, मग एक घोट घेतला. दूधच निघालं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "तू बघ," म्हणून त्यांनी तो एल्डनना दिला. "मला हल्ली चव कळत नाही."

एल्डननी घोट घेतला. "दूधच आहे हो," म्हणाले, आणि त्रेचाळीस वर्षांच्या सवयीने, न बघता, पालथ्या हाताने पेला डावीकडे सरकवला.

मी थेयाच्या पलीकडून हात पुढे केला होता, कारण पेला माझ्याकडे यायचा होता. थेयाने पेला पाहिला. माझा हात पाहिला. मग तिने दोन्ही हातांनी पेला धरला आणि प्यायली. चार घोट. थोडं हनुवटीवरून बाहीत गेलं, बाकी जायचं तिथे गेलं. मग तिने पेला माझ्याकडे सरकवला.

कर्स्टिनचा हात फ्रिजच्या दारावर होता तो तिथेच राहिला.

व्हर्नाबाईंनी थेयाकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शनिवारी हिच्या आधी कोण कोण प्यायलं होतं?"

"शनिवारी कुणीच काही प्यायलं नाही."

"बरं. न पिणाऱ्यांचा क्रम काय होता?"

"मी, मिच, ही, एल्डन."

"म्हणजे बॉइडच्या जागी." त्यांनी कोट काढला. हॉल्व्हरमध्ये मार्चात माणूस कोट काढतो तेव्हा त्याने काहीतरी ठरवलेलं असतं. "परत करा."

"थांबा," कर्स्टिन म्हणाली. "तीन माणसांचं उष्टं माझ्या मुलीला नको. पेला तोंडाजवळ न्यायचा, ओठ लावायचे नाहीत, प्यायल्याचं नाटक करायचं."

एल्डनचं नाटक त्यांच्या खेळापेक्षा बरंच चांगलं निघालं. ते गिळून 'आह' सुद्धा करत. थेयाला पहिलं ठेवलं, मान वळली. दुसरं ठेवलं, मान वळली. चौथं ठेवलं तर पेला आला त्याच वेगाने परत गेला. तिसरं ठेवलं, प्यायली. मग व्हर्नाबाईंनी मला सांगितलं, की हात पुढे करू नकोस, तिकडे भिंतीकडे बघ. थेयाने पेला खाली ठेवला. मी पुन्हा आशाळभूतासारखं बघायला लागलो आणि तिने पुन्हा उचलला.

"मागे कुणीतरी वाट बघणारं लागतं," कर्स्टिन हळूच म्हणाली. "अकरा महिने आम्ही सगळे हिच्यासमोर पेला धरून बसलो, आणि कुणालाच तो नको होता."

"बॉइड सात वर्षं तिसऱ्या नंबरला खेळतोय," एल्डन म्हणाले. "एवढं लक्ष त्याने कधी दिलं नाही."

व्हर्नाबाईंनी रुमालाची पिशवी पर्समध्ये परत ठेवली. "रताळं कुणाचंही असू शकतं," म्हणाल्या.

सोमवारी पावणेसातला कर्स्टिन गेली. दारात तिने तीनदा मागे पाहिलं, आणि थेयाने एकदाही नाही, कारण ती इस्त्रीची वायर खात होती. दहाला एल्डन आले. दहा वाजून एक मिनिटाने व्हर्नाबाई आल्या, फक्त देखरेखीसाठी. एक वाजता दोघे पुन्हा आले. दीड वाजता शहरातून, दीडशे किलोमीटरवरून, कर्स्टिनचा फोन आला. मी काही बोलायच्या आत व्हर्नाबाईंनी तो हातात घेतला.

"मी इथे नाहीच, म्हणून मला काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी साठ मिली, आत्ता ऐंशी. तिसऱ्या नंबरवर. तुम्ही कामाकडे लक्ष द्या."

तिकडून कर्स्टिनने नाक ओढल्याचा आवाज आला, मग "बरं", आणि मग रुग्णवाहिकेचं दार लागल्याचा आवाज. तिला पुढचा रुग्ण आणायचा होता.

अडचण आहे ती उद्यापासूनची. एल्डनना गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जायचंय. मिच शनिवारपर्यंत खाणीत. व्हर्नाबाई निघाल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, क्लबमधून कुणी येईल का, तर त्या बूट घालत म्हणाल्या, "तोंडी विनंती मी ऐकत नाही. लेखी दे. मी नामंजूर करीन."

त्यानुसार:

मा. सचिव, हॉल्व्हर कर्लिंग क्लब, यांस. दि. ९ मार्च रोजी न घडलेल्या घटनेच्या संदर्भात अर्ज करतो, की कु. थेया हिची चालू हंगामासाठी आमच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर, श्री. बॉइड यांच्या जागी, रीतसर नोंद व्हावी. तसेच ती शाळेत जाऊ लागेपर्यंत, कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी दहा, दुपारी एक व साडेतीन वाजता क्लबचे तीन सभासद, पैकी दोन तिच्याआधी प्यायल्याचं नाटक करण्यासाठी व एक तिच्यानंतर आशाळभूतपणे वाट पाहण्यासाठी, बूट दाराबाहेर काढून हजर राहतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे अर्जदारास त्या वेळेत स्वतःची कॉफी गरम असताना पिता येईल, ही नम्र विनंती.