मेन बंद करून गेलेला माणूस

आमच्या घराला कुलूप लावायचं तर आधी गॅस बंद, मग मेन स्विच खाली, मग कुलूप तीनदा ओढून बघायचं. माझ्या सासऱ्यांनी लावलेली ही शिस्त आमच्या ह्यांच्या हातात इतकी भिनली आहे की कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी मेन खाली. फ्रिजची लाईन तेवढी वेगळी काढून घेतली मी, भांडून.

त्या शुक्रवारी चिन्मयी, आमची पोरगी, नागपूरहून येणार होती. सातवा महिना चालू. फोनवर आठवडाभर एकच धोशा, "आई, तुझ्या हातचा मटणाचा रस्सा पाहिजे." आता मी राइट टाउनच्या एका शाळेचं ऑफिस सांभाळते, आणि परीक्षांचे दिवस. सुटी कोण देतो? म्हणून मुलानं पाठवलेला विजेचा स्लो कुकर माळ्यावरून काढला. सकाळी लावून द्यायचा, आठ तास आपला आपण मंद शिजत राहतो, घरात कोणी नसलं तरी चालतं.

त्याचं माहितीपुस्तक मी रविवारी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. गोठलेलं मटण घालायचं नाही. काठोकाठ भरायचा नाही. भिंतीला चिकटवायचा नाही, वायर लोंबू द्यायची नाही. आणि आपण बाहेर असताना लाईट गेली, किती वेळ गेली ते माहीत नाही, तर आतलं सगळं फेकायचं, शिजलेलं दिसलं तरी. हे पेपरामागून "हो, हो" करत होते.

शुक्रवारी सातला मी कुकर लावला. आठला निघताना मी म्हणाले, "अहो, तुम्ही रिछाईला साखरपुड्याला जाल तेव्हा मेन बंद करू नका बरं."

"मी काय लहान पोर आहे काय?" हे म्हणाले.

संध्याकाळी साडेपाचला दार उघडलं आणि दारातच पाय थांबले. बाप्पा, तो वास! एप्रिलची गरमी, बंद घर, आणि त्यात आंबूस, जड असं काहीतरी नाकाला चिकटून बसलं. हे सोफ्यावर टीव्ही बघत बसलेले. कुकरचा दिवा चालू होता. झाकण उचललं तर वर राखाडी फेस, खाली अर्धं कच्चं गुलाबी मटण, आणि चमचा वर काढला तर त्याला तार आली. शी!

बाजूला मायक्रोवेव्हच्या घड्याळात शून्य शून्य लुकलुकत होतं.

"लाईट गेली होती काय?"

"हो, गेली होती ना दहा-वीस मिनिटं," हे टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले.

मी गॅलरीत गेले. वरच्या मजल्यावरची प्रतिमा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिला विचारलं.

"लाईट? नाही दीदी, आज तर गेलीच नाही. सकाळपासून चादरीच धुऊन राहिले ना मी मशीनमध्ये. काहून, काय झालं?"

काही नाही म्हटलं. काय सांगणार होते कप्पाळ? आत येऊन टीव्ही बंद केला.

"किती वाजता मेन खाली केला?"

"अगं, सवयीनं हात गेला," हे कुरकुरले. "नऊला केला असेल. चारला आलो तेव्हा लावला की परत."

"सात तास! आणि वर खोटं बोलता?"

"अरे, कुछ नहीं होता. प्रेशर कुकरमध्ये टाक, चार शिट्या दे, सगळे जंतू मरतात."

"जंतू मरतील, त्यांनी आत केलेली घाण कुठं जाईल? पोरीच्या पोटात बाळ आहे हो!"

"तुला नुसता तमाशा पाहिजे. एवढं मटण काय फेकून देते?"

तेवढ्यात चिन्मयीचा फोन. "आई, तिलवाऱ्याचा पूल ओलांडला, पोचतोच. कडकडून भूक लागलीय!"

मी ते भांडं नंतर फेकायला म्हणून मोरीजवळ नेऊन ठेवलं, घाईनं पिठलं घोटलं, भाकरी टाकल्या, आणि अंगाला चिकटलेला वास जाईना म्हणून आंघोळीला शिरले. स्वयंपाकघरातून शिट्या ऐकू आल्या. वाटलं, चला, निदान भात तरी लावला ह्यांनी.

बाहेर आले तर चिन्मयी आणि जावई आल्हाद हातपाय धुऊन ताटावर बसलेले. आणि हे स्वयंपाकघरातून वाटी घेऊन येत होते. वर हिरवीगार कोथिंबीर, खाली लाल तर्री, आणि गरम मसाल्याच्या आडून तोच आंबूस वास.

"घे बेटा. तुझ्या आईनं सकाळपासून लावलंय तुझ्यासाठी."

चिन्मयीनं भाकरी मोडली. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि वाटी ह्यांच्यासमोर सरकवली.

"आधी तुम्ही खा."

"काय?"

"चार शिट्या दिल्यात ना? मग खा. माझ्यासमोर खा."

ह्यांनी चमचा बुडवला, तोंडापर्यंत नेला, आणि थांबले. मग चमचा परत वाटीत ठेवला.

"मी तिकडे जड जेवलोय," म्हणाले. "आज माझ्या पोटाला नको."

त्या सडक्या मटणाची आली नव्हती तेवढी किळस मला त्या क्षणी ह्या माणसाची आली. तीस वर्षं ह्याच माणसाला गरम गरम वाढलं मी.

चिन्मयी वाटीकडे बघत होती. "बाबा, काय झालंय ह्यात?"

मीच सगळं सांगितलं, सात तासांसकट. आल्हाद उठला आणि वाटी, प्रेशर कुकर, जे होतं ते सगळं मागं नेऊन कचऱ्याच्या खड्ड्यात ओतून आला. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. चिन्मयी वडिलांना एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, झोपून उठली की विसरेल, लाडकी आहे त्यांची.

सकाळी हे लवकर उठले. दूध तापवलं, साखर घातली, लहानपणी द्यायचे तसा पेला भरून तिच्यासमोर धरला. "घे बेटा."

तिनं पेला घेतला, नाकाशी नेला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावल्यावरच ती प्यायली. हे तिथंच उभे होते.