लेक माहेरी जाते त्याचा नकाशा

सावंगीच्या एका दवाखान्यात मयुरी लोकांना कामाचे नकाशे काढायला शिकवायची. कोणाचं काम कुठं सुरू होतं, कुठं अडतं, ते ती फळ्यावर चटकन दाखवी. तिचं स्वतःचं गाडं मात्र लग्नापासून अडलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आर्वीच्या भैय्याजी अडत्यांची ही एकुलती लेक. रोहण्याच्या शेतकऱ्याच्या पोराशी, गोपालशी, तिनं कोर्टात लग्न केलं आणि माहेरचं दार बंद झालं. म्हणजे बंद कोणी केलं नव्हतं हो, पण उघडायलाही कोणी गेलं नाही. दिवाळीत बाप न्यायला येतो, मगच लेक जाते; न बोलावता गेली तर लोक काय म्हणतील? दर दिवाळीत मयुरी रस्त्याकडे डोळे लावून बसायची आणि वर गोपालला म्हणायची, "छे, मी कुठं वाट पाहते!"

त्या दिवशी वर्गात शोभाबाई नर्स म्हणाल्या, "मॅडम, पेशंटले सुट्टी देन्याचे नकाशे लय झाले. आता दिवाळी आली, लेक माहेरी जाते थे काढा ना!"

सगळ्या हसल्या. मयुरीनं दोन आडवे पट्टे ओढले. वरचा लेकीचा, खालचा बापाचा.

"हा गोल म्हणजे सुरुवात, दिवाळी आली. चौकोन म्हणजे काम, लेकीनं बॅग भरली. हा शंकरपाळा म्हणजे निर्णय, सासरचे सोडतात का? सोडतात." मग तिनं आणखी एक गोल काढून त्यात पाकीट काढलं. "हे पाकीट म्हणजे निरोपाची वाट. निरोप दुसऱ्या पट्ट्यातून येतो, तुटक रेषेच्या बाणानं. तो आल्याशिवाय इथून पुढं सरकता येत नाही."

"अन् बाप काय करते?" शोभाबाईंनी विचारलं.

मयुरी खालच्या पट्ट्याशी थबकली. भैय्याजींना ती ओळखत नव्हती का? ताठ माणूस. पोरीनं विचारलं नाही, सांगितलं नाही, मग आधी तिनंच बोलावं. हात चालला आणि तिथंही पाकीटच उमटलं. आता बाण सोडणार कोण? दुसऱ्यांच्या चित्रांत हीच चूक ती रोज लाल करायची, दोघंही वाट पाहत बसलेले आणि निरोप धाडणारा कोणीच नाही. बापाची अशी काही आठवण आली की तिथंच रडू फुटतं की काय असं वाटलं.

"आलेच मी," म्हणत ती व्हरांड्यात गेली आणि फोन लावला.

"बाबूजी, मी मयुरी. मले दिवाळीले न्यायले या ना."

अशी तोंडानं मागते का कधी कोणती लेक? पण तिनं मागितलं. पलीकडून खाकरणं ऐकू आलं.

"आलतो मी सावंगीले," भैय्याजी म्हणाले. "मागच्या दिवाळीले. एवढा मोठा दवाखाना, अंदर कोनाले विचारू, अन् काय म्हनून विचारू? गेटावरूनच वापस गेलो. तुह्या घराचा पत्ताच नोता माह्याजवळ, बाई. कुठी राह्यतं वं तू?"